आमची वाटचाल : पुंगळी, दारू आणि काटा

आजोबांनी फोर्टात परवान्याचं बंदुकांचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक शिकारीचं होतं. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते आटलं. वडिलांनी दुकान दुरुस्ती आणि नेमबाजीकडे वळवलं, त्यावर आम्ही तगलो.

मी गल्ल्यावर बसू लागलो तेव्हा हमखास विचारलं जाई, ".३५७ मॅग्नम जोरदार की .४४?" ही रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची मापं. वडील आधी दोन रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची धातूची नळकांडी, शेजारी उभ्या करायचे, .३८ स्पेशल आणि .३५७. गोळीची जाडी तीच, पण मॅग्नमची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटर उंच. १९३५ साली ती मुद्दाम लांब केली, कारण आतला दाब .३८ च्या दुप्पट. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्यात, ती बसूच नये म्हणून. मग आकडे सांगायचे : .३८ ची ताकद साधारण २७० ज्यूल, .३५७ ची सव्वासातशेच्या आसपास, .४४ ची हजाराच्या घरात. .४४ मॅग्नमचा जन्मच हाताने काडतुसं भरणाऱ्यांमुळे, म्हणजे रिकाम्या पुंगळीत स्वतः दारू आणि गोळी घालणाऱ्यांमुळे झाला. एल्मर कीथ हा अमेरिकन शिकारी वर्षानुवर्षं .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसात दारूचा जड भार भरत होता. माझं मत विचाराल तर .३५७ च सरस, कारण त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सरावाला .३८ चालतं आणि मनगट शाबूत राहतं.

आपल्याकडे काडतूस बनवायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो, म्हणून आम्ही कधी भरलं नाही. पण भरलेलं बघितलंय. एकदा दुरुस्तीला आलेल्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फाटलेला होता. एका पुंगळीत दारू दोनदा पडली होती. झटपट जळणारी दारू इतकी थोडी लागते, की दुप्पट मापही मॅग्नमच्या पुंगळीत सहज मावतं, वरून कळतही नाही. तो फाटका पोलाद हातात धरून वडील म्हणाले, "बाळा, हाताने भरायचं ते जोरासाठी नव्हे, सारखेपणासाठी. प्रत्येक बार आधीच्यासारखा उडाला पाहिजे."

ते वाक्य मी धंद्यात उतरवलं. वरळीच्या रेंजवर सराव करणाऱ्या पोरांना आम्ही एअर पिस्तुलाचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे काट्यावर तोलून, वजनवार वेगळे करून देतो. एक छर्रा जेमतेम अर्धा ग्रॅम. डबा निवडायला बराच वेळ जातो, पैसे फारसे सुटत नाहीत. रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून मुलगी आणि मी तेच करत बसतो.