बेसबॉल कार्डं: माझा पसंतीक्रम

बेसबॉल कार्डं म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली, छंद म्हणून जमवायची पुठ्ठ्याची कार्डं. पहिला नंबर निःसंशय टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या १९७१च्या संचाचा. काळीभोर चौकट, वर ठसठशीत रंगीत अक्षरांत संघाचं नाव, फोटोवर खेळाडूची छापील सही. सोलापुरी चादरीचा गडद काठ आवडणाऱ्याला हे कार्ड लगेच भावेल. पण कड जरा घासली की काळी शाई उडते आणि पांढरा पुठ्ठा दिसू लागतो. त्यामुळे विकत घेताना चारही कोपरे भिंगाखाली बघा. उडालेली शाई लपवायला काळ्या पेनाने रंगवलेली कड तिरप्या उजेडात वेगळी चमकते.

दुसरं टॉप्सचंच १९५२. हातानं रंगवल्यासारखे चेहरे, एकूण ४०७ कार्डं. आकार २⅝ × ३¾ इंच, म्हणून आजच्या अल्बमच्या नऊ कप्प्यांच्या पानात ती मावत नाहीत. दाबून बसवू नका.

मग १९७५, दुरंगी चौकटीचं. १९८७चं लाकडी नक्षीवालं चौथं. अमाप छापल्यामुळे स्वस्त, नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी. अपर डेक या दुसऱ्या कंपनीच्या १९८९च्या कार्डांचा कागद उत्तम, मांडणी मला फिकी वाटते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात स्लॅबखालच्या माळ्यावर कार्डं ठेवू नका, वाकतात. कपाटाचा खालचा कप्पा बरा. पाकिटं पीव्हीसीची नकोत. ती कालांतराने चिकट होऊन छपाईला धरतात.