शेवट लांबला तर लांबला

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा सिनेमा संपता संपत नाही, ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकलीय की समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं मीच म्हणून टाकते. अंगठी आगीत पडली, दुष्टाचा मनोरा ढासळला, आता झालं म्हणून माणूस अंधारात पायाने चपला चाचपतो, तर काळा झालेला पडदा पुन्हा उजळतो. मग राज्याभिषेक. मग गाव. मग लग्न. मग बंदर, जहाज, रडारड. पुण्याच्या मैत्रिणी हे नक्कल करून दाखवतात आणि मीही हसते. पटत मात्र नाही.

आता मी पडले झाडीपट्टीतली, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातली. दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव धावायला लागतात, त्या होळीपर्यंत. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पडतो तो उजाडताना. खलनायक मेला म्हणजे नाटक संपलं, असा आमच्याकडे हिशेब नाही. तो मेल्यावर सासूचे डोळे उघडायचे असतात, घर सोडून गेलेला भाऊ परत यायचा असतो, विनोदी नटाचं कुठेतरी जमायचं असतं, वन्समोअर मिळालेलं गाणं पुन्हा व्हायचं असतं. शिवाय निम्मे प्रेक्षक पाहुणे म्हणून आलेले आणि पहिली एसटी सहाला. नाटक लवकर संपवून त्यांनी जायचं कुठे? २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या बऱ्याच जणांना कळलं की असा काही प्रकार असतो. आम्ही त्यातच झोपलो, त्यातच जागे झालो. तीन तास वीस मिनिटांची भीती आम्हाला घालू नये.

तर हा सिनेमा. २००३ च्या डिसेंबरात तो जगात लागला आणि पुढे ११ नामांकनांवर ११ ऑस्कर घेऊन गेला. आमच्या अंगणात तो आला त्यानंतरच्या उन्हाळ्यात, दादाच्या पिशवीतून. दादा नागपूरला शिकायला होता. त्याने भाड्याच्या तीन सीड्या आणल्या होत्या आणि सकाळच्या गाडीने त्या परतही न्यायच्या होत्या. टीव्ही ओसरीवर, माणसं अंगणात, पोट्टे सर्वांत पुढे चटईवर. सिनेमा इंग्रजी, त्यामुळे कॉलेजात जाणारी म्हणून मला टीव्हीशेजारी स्टुलावर बसवलं. अर्धं मला समजत होतं, अर्धं मी माझ्या मनाने सांगत होते. तसंही पहिले दोन भाग अंगणातल्यांपैकी फक्त दादाने आणि मी पाहिलेले, त्यामुळे माझ्या सांगण्यावर हरकत घेणारा एकटा दादाच होता.

गोष्ट अशी की फ्रोडो आणि त्याचा जाडा मित्र सॅम ती दुष्ट अंगठी आगीत टाकायला निघालेत आणि अंगठीसाठी वेडा झालेला हाडकुळा गॉलम त्यांना वाट दाखवतोय. आबाजींना गॉलम पहिल्यापासून आवडला. ‘हा कोनाचा गा? कोनी जेवू घाला याले,’ असं ते दर थोड्या वेळाने म्हणत. पण त्याच गॉलमने झोपलेल्या सॅमच्या अंगावर भाकरीचा चुरा टाकला, ‘यानंच खाल्लं’ म्हणून फ्रोडोला पटवलं आणि फ्रोडोने सॅमला परत जायला सांगितलं, तेव्हा अंगण खवळलं. चहाडी करून जिवाभावाच्या माणसांत फूट पाडणं हा झाडीपट्टीच्या रंगभूमीचा प्राणच आहे, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. पुढे मी पुस्तक वाचलं. त्यात हा प्रसंग मुळीच नाही, फ्रोडो सॅमला कधी हाकलत नाही. पुस्तकाचा लेखक टॉल्किन, त्याचे कट्टर वाचक यावरून दिग्दर्शक पीटर जॅक्सनवर अजून दात धरून आहेत. वाचक म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे, पण त्या रात्रीचं अंगण जॅक्सनच्या बाजूने होतं.

आणि इओविन, पुरुषाच्या वेशात लढाईत उतरलेली राजघराण्यातली पोरगी. कोणा पुरुषाच्या हातून आपल्याला मरण नाही, या गुर्मीत शत्रूचा काळा सरदार तिच्यासमोर उभा राहतो, ती शिरस्त्राण काढते आणि केस मोकळे होतात. मी तोंड उघडायच्या आत मागून, बायका बसल्या होत्या तिथून, एक सणसणीत शिट्टी आली. कोणाची ते आजतागायत कबूल झालेलं नाही. समोरच्या काकूंवर सगळ्यांचा संशय आहे आणि काकूंनी तो कधी मनापासून नाकारलेला नाही.

मग तो डोंगर. अंगठी वितळली, मनोरा कोसळला, चहूकडून लाव्हा आणि मध्ये एका खडकावर फ्रोडो आणि सॅम. दोघं गावची आठवण काढतात, एकमेकांना धरून बसतात आणि पडदा हळूहळू काळा होतो. तो पूर्ण काळा झाला आणि अंगणातला पंखाही थांबला. लाईन गेली होती. भारनियमनाचे दिवस होते ते, वेळापत्रक कागदावर एक आणि गावात भलतंच. पण सिनेमा संपला आणि लाईन गेली, असाच समज सगळ्यांचा झाला. उलट वेळेवर गेली म्हणून दादाने तारीफ केली. आबाजी ‘मेले बिचारे’ म्हणाले आणि कंदील घेऊन उठले. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सडा टाकताना मात्र म्हणाली, ‘तो जाडा पोट्टा तरी वाचाले पाह्यजे होता.’ दादा सीड्या घेऊन केव्हाच गेला होता.

एवढ्या मोठ्या गोष्टीचा असा कडू शेवट मी बरेच महिने सांभाळला. मैत्रिणींना तसाच सांगितला. नागपूरच्या हॉस्टेलवर एका शनिवारी कोणीतरी कॉम्प्युटरवर तोच भाग लावला, तो काळा पडदा आला, मी उठले आणि मागे त्या दोघांना उचलायला गरुड आले. मी दारातून वळले ती उभ्याउभ्याच राहिलेला सिनेमा पाहिला. लोक ज्या वीसेक मिनिटांना नावं ठेवतात, ती मला अशी वेगळी, बोनस म्हणून मिळाली. त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्यातही मला सगळं सारखं आवडत नाही. फ्रोडो जागा होतो आणि एकेक जण हसत दारातून येतो, ते जरा जास्तच ताणलंय. आवडतं ते दारूच्या गुत्त्यातलं. फ्रोडो, सॅम आणि त्यांचे आणखी दोघं, असे चौघं मित्र जग वाचवून आपल्या गावी आलेत, अंगावर परदेशचे भारी कपडे आहेत, आणि गुत्त्यातली सगळी माणसं कोणीतरी आणलेल्या एका अवाढव्य भोपळ्यात गुंग. कोणी ‘कुठं होता रे इतके दिवस’ असंही विचारत नाही. चौघं एकमेकांकडे बघतात, पेले उचलतात, शब्द नाही. कोट्यवधींच्या लढाया दाखवणाऱ्या माणसाला हे सुचलं, यासाठी मी त्याला भुतांची फौजही माफ करते. (ती भुतं येतात, क्षणात शत्रू धुऊन काढतात आणि इतका वेळ मरणाऱ्यांचं मरण फुकट जातं. ते काही खरं नाही.)

पुस्तकात गाव असं सुखरूप नसतं. १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडात हे चौघं परततात तेव्हा गावात गुंडांचं राज्य असतं, झाडं तोडलेली, धूर ओकणारी गिरणी उभी, आणि ती घाण त्यांना स्वतः निपटावी लागते. नंतर सॅम गावभर रोपं लावत फिरतो. ते प्रकरण सिनेमात घेतलंच नाही. घेतलं असतं तर चार तास झाले असते आणि माझ्या पुण्याच्या मैत्रिणी थेटरातच म्हाताऱ्या झाल्या असत्या. पण आमच्या जंगलाच्या कडेच्या गावांत ते प्रकरण न सांगता कळलं असतं, एवढं खरं.

आईला मी तेव्हाच सांगितलं होतं की दोघं जगले. ती ‘बरं झालं’ म्हणाली, पण माझ्या सांगण्यावर तिचा पूर्ण विश्वास नव्हता. त्या रात्रीचं भाषांतर तिने ऐकलं होतं. शेवटी गेल्या दिवाळीत भाच्याने घरच्या मोठ्या टीव्हीवर लावला, हिंदीत, आणि आई पाट घेऊन समोर बसली.

हत्ती आले तेव्हा ती पुढे सरकली. २०२१ च्या ऑक्टोबरात ओडिशातला रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून आमच्याकडे हत्ती म्हटलं की नुसता गणपती डोळ्यापुढे येत नाही. मामाच्या कुरखेड्याकडच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, तो कळप एकदा गेलाय. पडद्यावर घरांएवढे हत्ती घोडेस्वारांना उडवत होते, एक केसाळ तरुण सोंडेवरून घसरत खाली येत होता, भाचा टाळ्या पिटत होता, आणि आई विचारत होती, ‘हे बांधी कोनाची? पंचनामा कोन करते याचा?’

भाच्याला हसू आवरेना. पण पुस्तकात ते मैदान खरोखरच शेतीचं आहे, बागांचं, गोठ्यांचं. जॅक्सनने तिथे नुसतं गवत दाखवलं. हे त्या इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डोंगर आला, खडक आला, पडदा काळा झाला. आईने सवयीने छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा चालू होता. मग गरुड आले, आणि पुढचा सगळा वेळ तिने पाट सोडला नाही. राजा त्या चौघांपुढे वाकला तेव्हा मान डोलावली. भोपळा पाहून ‘केवढ्याचा असन?’ म्हणाली. सॅमचं लग्न लागलं तेव्हा पदर डोक्यावर घेतला. फ्रोडो जहाजावर चढला तेव्हा तिने मला विचारलं, ‘याले माय नाही का?’ नाही, म्हटलं, लहानपणीच आईबाप नदीत बुडाले. ‘तरीच,’ ती म्हणाली.

नावं सुरू झाली. भाचा रिमोट शोधू लागला. आई उठेना.

‘आजी, संपला.’

‘त्या जाड्याचं लगन दाखवलं, पंगत कुठी दाखवली?’

‘आजी, याची मोठी कॉपी असते. चार तासांच्या वरची.’

‘मंग थेच लावाची होती ना!’