रड्याची सही

लॉरेल आणि हार्डी या हॉलिवूडच्या जुन्या विनोदी जोडीला मराठीत जाड्या-रड्या हे नाव ज्या कोणी ठेवलं त्याला माझ्याकडून एक कटिंग लागू. खरी नावं मला फार उशिरा कळली. आमच्या गल्लीत गणपतीत दोन खांबांना चादर बांधून प्रोजेक्टर लावायचे, मेन पिक्चरच्या आधी पोरं गप्प बसावीत म्हणून एक छोटी रीळ फिरायची, आणि त्यात दोन माणसं एक पियानो घेऊन न संपणाऱ्या पायऱ्या चढायची, वर पोचत आले की पियानो घरंगळत खाली. जाड्या कॅमेऱ्याकडे बघून सुस्कारा टाकणार, रड्या डोकं खाजवत ओठ मुडपून रडणार. त्या पिक्चरला १९३२ साली ऑस्कर मिळालेलं आहे हे आम्हाला कोण सांगणार, आणि सांगून काय फरक पडला असता.

तर परवा रात्री मोबाईलवर उगाच बोट फिरवत बसलो होतो आणि रड्याची पत्रं समोर आली. म्हणजे स्टॅन लॉरेलची. म्हातारपणी त्याने चाहत्यांना लिहिलेली अशी शेकडो पत्रं लोकांनी जपून ठेवलीत. सगळी स्वतः टाइपरायटरवर बडवलेली, सेक्रेटरी वगैरे भानगड नाही. वाक्य संपलं की डॅश, मध्येच कोलन, स्पेलिंग कधी इकडे कधी तिकडे, आणि खाली शाईची सही. मला वाटलं आता हसून हसून पुरेवाट होणार, तर कसलं काय, पत्र मिळालं, फार बरं वाटलं, तब्येत ठीक, अमुक साली तमुक कंपनीत होतो, फोटो सोबत पाठवतोय, लोभ असावा. अरे हे तर आमच्या आजोबांचं पोस्टकार्ड! तेही असंच, "पत्र लिहिण्यास कारण की" पासून सुरू आणि अख्खं आयुष्य चार ओळीत बसवून कोपऱ्यात सही.

करिअरबद्दल पण तो असाच लिहितो, सर्व्हिस बुक भरल्यासारखं. खरं नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन, जन्म १८९० चा, इंग्लंडातल्या अल्व्हरस्टन गावचा, बाप नाटक कंपनीवाला. १९१० साली फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीबरोबर बोटीने अमेरिकेला गेला, त्याच बोटीवर चार्ली चॅप्लिन, आणि हा चॅप्लिनचा बदली नट, म्हणजे साहेब आजारी पडले तरच याला चान्स. पुढे चॅप्लिन कुठल्या कुठे गेला आणि १९६४ मध्ये आपलं जाडजूड आत्मचरित्र काढलं त्यात या बदली नटाचं नावसुद्धा नाही. आपल्याकडे एवढ्यावरून दोन पिढ्या बोलणं बंद होतं. हा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की चार्लीसारखा दुसरा झाला नाही. मला हे वाचून थोडा रागच आला, याला नाही आला तर नाही.

गंमत अशी की ज्यावरून आपण याला रड्या म्हणतो ते रडणं त्याला अजिबात आवडायचं नाही. डोकं खाजवणं त्याचं, ते उभे केस त्याचे, टाचा काढलेले बूट घालून फताडं चालणं त्याचं, पण ते केविलवाणं रडणं त्याला नको वाटायचं आणि निर्माते हॅल रोच यांना तेच हवं असायचं, पब्लिक हसतं ना मग रड बाबा. पडद्यावर बावळट, पण विनोद रचणं, एडिटिंगला बसणं सगळं हाच करायचा, जाड्या पॅकअप झालं की गोल्फला पळायचा. म्हणून पगार याला जास्त होता, आणि हार्डीची त्याबद्दल तक्रार नव्हती. जोडी म्हणून शंभराच्या वर पिक्चर, आणि त्यातला शेवटचा १९५१ सालचा.

खरं रडण्याची एक गोष्ट मात्र तो सांगायचा. वय सोळा, ग्लासगोत एका छोट्या थेटरात पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला, बापाला न सांगता आणि बापाचेच चांगले कपडे ढापून. समोर बघतो तर प्रेक्षकांत बाप! पळताना कोट हुकाला अडकून टर्रकन फाटला. आता सालटी निघणार असं धरून पोरगा ऑफिसात गेला तर बाप म्हणाला की वाईट नव्हतं, आणि विचारलं व्हिस्की-सोडा घेणार का. त्यावर हा ढसाढसा रडला. झोडपलं असतं तर सोपं गेलं असतं बहुतेक.

पत्रांत तक्रार म्हणाल तर एकच सापडते. त्यांचे पिक्चर टीव्हीवर रोज चालायचे आणि यांना त्याचा एक पैसा नाही, कारण हक्क यांच्याकडे नव्हतेच. त्याबद्दल तो फार बोलत नाही. पण मध्ये साबणाची जाहिरात घुसवायला पिक्चर कसेही कापतात, यावर मात्र भडकतो. फुकटात नीट कापून देतो म्हणायचा, म्हणजे किमान विनोद मरणार नाही. आमच्या ओळखीत एक टेलर होते, शिलाई बुडाली तर सोडून द्यायचे पण त्यांनी शिवलेली पँट दुसऱ्याने अल्टर केली तर रस्त्यात थांबवून बोलायचे. तसलाच प्रकार.

१९५७ मध्ये हार्डी गेला. याला आधीच पक्षाघात होऊन गेलेला, अंत्ययात्रेला जाता आलं नाही. त्यानंतर त्याने परत कधीच काम केलं नाही. मग सांता मोनिकाला समुद्रासमोर एक छोटा फ्लॅट, टेबलावर टाइपरायटर, आणि नंबर चक्क टेलिफोन डिरेक्टरीत. डिक व्हॅन डाइकसारख्या नटाने डिरेक्टरी उघडून नुसता फोन लावला तर यानेच उचलला. आणि मी शाळेत असताना एका नटाला तीन पत्रं लिहिली होती, एकदा तर उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट पण आत घातलं होतं. ते तिकीटसुद्धा गेलं.

१९६१ मध्ये त्याला मानाचं ऑस्कर दिलं, तेव्हा तब्येतीमुळे घ्यायला जाता आलं नाही, त्याच्या वतीने डॅनी के या नटाने घेतलं. त्या टकल्या पुतळ्याला हा एका फरशी पुसायच्या लिक्विडवरच्या टकल्या माणसाचं नाव घेऊन हाक मारायचा. चला, एक तरी जोक मिळाला.

आणि एक आठवण. १९५३ च्या सप्टेंबरात दोघं बोटीने आयर्लंडच्या कोव्ह बंदरात उतरले. उतरणीचे दिवस, आपल्याला आता कोण ओळखतंय असं धरून चाललेले, तर धक्क्यावर ही तोबा गर्दी, आणि वरच्या कॅथेड्रलच्या घंटा वाजायला लागल्या, धून कुठली तर यांच्याच पिक्चरची, ती कुक्कू-कुक्कूवाली. जाड्याने रड्याकडे बघितलं, रड्याने जाड्याकडे, आणि दोघंही रडले.