पहिल्या पिढीची एमएक्स-५ सांभाळताना

माझदाची ही दोन सीटची उघडी गाडी १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. बॉनेटमधून वर उठणारे दिवे असलेली पहिली पिढी १९९७पर्यंत निघत होती. ब्रिटन-अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कुणी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायच्या विचारात असेल, तर या गाडीचा खर्च इंजिनापेक्षा पाण्यामुळे जास्त होतो, हे आधी समजून घ्यावं.

म्हणून गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडण्याआधी मागच्या चाकापुढे गुडघे टेकून बसा. दाराखालची सिल, म्हणजे गाडीच्या कडेची पत्र्याची पोकळ पट्टी, तिथे संपते. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून उतरून याच जागी खाली पडतं. भोकं पानांनी, मातीने बुजली की पाणी तुंबतं आणि सिलचा पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला थर गेलेला असतो. मग कापणं, नवा पत्रा वेल्ड करणं, रंग, आणि तेही बहुतेकदा दोन्ही बाजूंना. नुसती पुट्टी भरून रंगवलेली सिल असेल तर ती गाडी सोडून द्या, इंजिन कितीही गोड चालत असो. उपाय फुकटचा आहे: गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी वर्षातून दोनदा भोकांतून फिरवायची. लोखंडी तार नको, ती आतली नळी फाडते. नंतर अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतून ते चाकापुढे पडतं का पाहायचं.

इंजिन मात्र दणकट. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा, साधारण १ लाख किलोमीटरला बदलायचा. तो तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. बेल्टबरोबर वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणारं आणि वळवणारं चाक) आणि कॅम-क्रँकची ऑइल अडवणारी सील एकदमच बदला, कारण मजुरी उघडण्याची असते. दोन्ही कॅमपुलींवरच्या ‘आय’ आणि ‘ई’ खुणांमध्ये बेल्टचे १९ दात आले पाहिजेत. क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा मोजा.

१९९१च्या मध्यापूर्वीच्या काही १.६ लिटरच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. पुलीवर चार खाचा दिसल्या तर ते आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड टोकाचा बोल्ट ढिला राहिला की पुलीला जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची (पाचरीची) खाच झिजते. गाडी चालू ठेवून पुली डगमगते का, ते नीट पाहा.

इंजिनाच्या मागून ऑइल गळताना दिसलं की बरेच मिस्त्री क्रँकचं मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. आधी इंजिनाच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) मागे बसलेल्या कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग (रबरी कडं) बदलून पाहा. तिथलं ऑइल ओघळून नेमकं गिअरबॉक्सच्या तोंडाशी येतं, आणि ती रिंग अगदी स्वस्त असते.

क्लचचा पेडल मऊ पडून गिअर पडेनासा झाला तर बहुधा स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा छोटा सिलिंडर) गेलेला असतो. रेडिएटरची काळी प्लॅस्टिक टाकी तपकिरी झाली असेल तर ती फुटण्याची वाट बघू नका. चढावर गाडी मिसिंग मारते तेव्हा कॉइल बदलण्याआधी प्लगच्या वायरी बदला. बॅटरी डिकीत असते, म्हणून सीलबंद एजीएमच घ्या. साध्या बॅटरीतलं अ‍ॅसिड डिकीचा पत्रा खातं.

हँडब्रेक फार वर येत असेल तर केबल ओढत बसू नका. मागच्या कॅलिपरवरचा (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागावरचा) १४चा बोल्ट काढा, आत ४ मिलिमीटरची एलन की (षटकोनी किल्ली) घाला, पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या.

ब्रिटनमध्ये एक बोचरी गोष्ट आहे. मार्च २००१पूर्वी नोंदलेल्या गाड्यांचा रोड टॅक्स १५४९ सीसीच्या वर महाग होतो, आणि हिचं १.६ लिटरचं इंजिनही १५९७ सीसीचं!

एवढं करून मिळतं काय? जेमतेम टनभर वजनाची, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी गाडी, आणि मनगटाच्या हालचालीत पडणारा गिअर. गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवरच बसतो म्हणून ही मजा. पण दांड्याखालच्या छोट्या खोबणीत वेगळं ऑइल असतं, सुमारे ८० मिलिलिटर, आणि ते आटलं की गिअर रखरखीत लागतात. तिथलं फाटलेलं रबर बदलून ऑइल भरा. गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४ प्रतीचं २ लिटर ऑइल घाला. टायर १८५/६० आर १४ असतील तर हवा २६ पीएसआयच ठेवा, ३२ भरली की स्टीअरिंगमधून रस्ता कळेनासा होतो. थंडीत पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर अडतो. दांडा रेटू नका. ऑइल तापलं की तो आपसूक सरकतो, आणि मग छत खाली घ्या, पण मागच्या प्लॅस्टिक काचेची चेन आधी उघडून.