बागेच्या जुन्या कारंज्याची दुरुस्ती आणि चार महिने अडलेली फाईल – माझा अनुभव

सार्वजनिक बागेतलं जुनं कारंजं आणि त्याभोवतीचे दगडी कट्टे दुरुस्त करायच्या कामात मी नागरिक गटाकडून होतो. जुने नकाशे, फोटो, झाडांची मोजणी हे सगळं पटापट झालं. अडलं ते एस्टिमेटवर.

बांधकाम विभागाच्या एस्टिमेटमध्ये सगळीकडे सिमेंटचं पॉइंटिंग, म्हणजे दगडांमधले सांधे सिमेंटने भरणं. मी म्हटलं साहेब, मूळ बांधकाम चुन्यातलं आहे, इथे सिमेंट नको. उत्तर एकच, "दरसूचीत चुन्याचा आयटमच नाही." दरसूची म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांची यादी. फाईल गेली उद्यान विभागाकडे, ते म्हणाले आमच्याकडे झाडं येतात, दगड नाही, की परत बांधकामकडे. असे चार महिने! दर सोमवारी जायचं, बाकावर बसायचं आणि "साहेबांच्या टेबलावर आहे" ऐकून परत यायचं. अजून आठवलं तरी डोकं तापतं, कारण हा माझा हट्ट नव्हता हो. कट्ट्याच्या एका बाजूला पूर्वी कधीतरी सिमेंट भरलेलं, तिथे दगडाला नुसतं बोट लावलं तरी पापुद्रा सुटून हातात यायचा आणि सांध्यातलं सिमेंट मात्र जसंच्या तसं. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवतं, मग ती दगडातून वाट काढते आणि मागे राहिलेले क्षार दगडच फोडतात. शेवटी तो पापुद्रा कागदात गुंडाळून नेला आणि टेबलावर उघडून ठेवला. साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले, आणि तेव्हा कळलं की दरसूचीत नसलेल्या आयटमला रेट अ‍ॅनालिसिस (साहित्य, मजुरी धरून दर कसा बसतो त्याचा हिशोब) आणि कोटेशनं जोडून मंजुरी घेता येते. हे पहिल्याच सोमवारी का नाही सांगितलं?

तर तुम्ही पहिल्या अर्जातच ते मागा. सोबत १९८१चा फ्लॉरेन्स चार्टर, म्हणजे वारसा जतनाची आंतरराष्ट्रीय सनद, जोडा, तो खास ऐतिहासिक बागांसाठीच आहे आणि नीट अभ्यास केल्याशिवाय कामाला हात लावू नये असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

हो, आणि पाइपसाठी चर खोदायच्या आधी झाडं बघा, बहुतेक बारीक मुळं वरच्या अर्ध्या मीटरभर मातीतच असतात, आम्ही मशीन लावू दिलं नाही, हातानेच खोदून घेतलं. चुना भरल्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, तिथे घाई चालत नाही.

परवा कारंज्यात पाणी सोडलं, मी तासभर तिथेच बसून होतो. सिमेंटवाली बाजू अजून तशीच आहे, तिचा अर्ज पुढच्या सोमवारी देतोय, रेट अ‍ॅनालिसिस जोडूनच.