१५० ग्रॅम भात म्हणजे किती वाट्या?

आहारतज्ज्ञांनी वडिलांसाठी दिलेल्या तक्त्यात 'शिजलेला भात १५० ग्रॅम' असं लिहिलं होतं. मधुमेह असल्यामुळे अंदाजपंचे वाढून चालणार नव्हतं, आणि दोन्ही वेळा ताट काट्यावर ठेवायला वडील तयार नव्हते. तेव्हा ग्रॅमचा हिशेब एकदाच वाटीत बसवून टाकायचा असं ठरवलं.

इंटरनेटवर शोधलं तर एक कप भात कुठे १५८ ग्रॅम, कुठे १८६, कुठे २०० च्या आसपास. गंमत म्हणजे यातला एकही आकडा खोटा नाही. मुळात कपच वेगवेगळे: अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा, मेट्रिक कप २५० चा आणि राइस कुकरबरोबर येणारा बहुधा १८० चा. शिवाय तांदूळ कोणता हाही प्रश्न आहेच. लांब दाण्याचा पांढरा भात मोकळा होतो, दाण्यांमध्ये हवा राहते, म्हणून अमेरिकन कपात तो १५८ ग्रॅमच मावतो. मध्यम दाण्याचा एकमेकांना धरून बसतो, तो तेवढ्याच कपात १८६ भरतो.

म्हणून सुरुवात वाटीपासून केली. रिकामी वाटी काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी ओतलं. एक मिली पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, त्यामुळे काटा दाखवेल तेच वाटीचं माप. आमची वाटी १५० मिलीची निघाली. मग तीच वाटी पुसून, भात न दाबता भरून, वर सुरी फिरवून सपाट केली: साधारण १०० ग्रॅम. चमच्याने दाबून भरल्यावर मात्र आकडा बराच वर गेला. शिगोशीग भरलेल्या वाटीबद्दल तर बोलायलाच नको. हे सगळं दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी केलं, कारण एका दिवसाच्या भातावर माझा विश्वास नाही.

म्हणजे मोकळ्या भातासाठी मिलीला सुमारे ०.६७ ने गुणलं की ग्रॅम मिळतात, आणि ग्रॅमला ०.६७ ने भागलं की मिली. १५० ग्रॅमला सव्वादोनशे मिली, अर्थात आमच्या दीड वाट्या. मध्यम दाण्याला ०.६७ च्या जागी ०.७८ धरायचं.

खरी मेख पुढे आहे. भाताच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वडिलांना भात मऊ लागतो. पाणी वाढवलं की वाटी जड होते, पण तिच्यातला पिष्टमय भाग उलट कमी होतो. नेहमीच्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, कच्च्या तांदळात सुमारे ८०. मऊ भाताला २८ चा आकडा लावला तर हिशेब फसतो. यावर मला पटलेला उपाय एकच: तांदूळ कच्चा असतानाच तोलायचा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं आणि शिजल्यावर भातासकट पातेलं पुन्हा तोलून ते वजा करायचं. २०० ग्रॅम तांदळाचा ५४० ग्रॅम भात झाला, तर पट २.७. १५० ग्रॅम भाताला २.७ ने भागलं की साधारण ५५ ग्रॅम तांदूळ, म्हणजे ४४ ग्रॅम कर्बोदकं. मऊ भाताचा पट तीनच्या वर जातो. तेव्हा तेवढ्याच तांदळासाठी ताटात जास्त ग्रॅम वाढावे लागतात, याचा वडिलांना अर्थातच आनंद झाला.

फ्रीजमधल्या शिळ्या भाताला मात्र हे वाटीचं गणित लावत नाही. दाणे कडक होऊन ढेकळं बनतात, वाटीत पोकळ्या राहतात. तो सरळ काट्यावर तोलतो.