स्वतः कंपाइल केलेला कर्नेल आणि एनव्हीडियाचा ड्रायव्हर: अखेर डेस्कटॉप दिसला

मागच्या नोंदीत लिनक्सचा 6.6 मालिकेचा कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बूट होऊ लागला होता, पण एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा प्रोप्रायटरी (कंपनीचा, बंद सोर्सचा) ड्रायव्हर काही केल्या त्यावर चढत नव्हता. आज तो चढला. अडचण माझ्याच कॉन्फिगमध्ये (कर्नेलसाठी निवडलेल्या पर्यायांत) होती आणि ती सापडायला तीन रात्री गेल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

कर्नेल लहान ठेवायचा म्हणून लोकलमॉडकॉन्फिगने (सध्या लोड असलेली मॉड्यूल्स, म्हणजे कर्नेलला जोडता येणारे कोडचे तुकडे, तेवढीच ठेवणारी सोय) सुरुवात केली होती. मग मेन्युकॉन्फिग या पर्यायांच्या मेनूमध्ये जाऊन नूव्हो, म्हणजे एनव्हीडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर, काढला (दोन्ही ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगणार, मग ठेवायचा कशाला) आणि बूटच्या वेळी अक्षरं दिसावीत म्हणून सिंपलडीआरएम (डीआरएम या कर्नेलच्या ग्राफिक्स विभागातला साधा ड्रायव्हर) थेट कर्नेलमध्येच बिल्ट-इन केला. इथपर्यंत सगळं रास्त होतं.

डीकेएमएसचा (बाहेरचे ड्रायव्हर आपल्या कर्नेलसाठी बांधून देणारं साधन) बिल्ड मात्र दर वेळी मॉडपोस्टपाशी, म्हणजे मॉड्यूल्सना लागणारी नावं तपासणाऱ्या टप्प्यापाशी, थांबायचा. डीआरएमने सुरू होणारी आठ-दहा नावं आणि प्रत्येकापुढे 'अनडिफाइन्ड'. माझा पहिला संशय जीपीएल-ओन्ली सिंबॉल्सवर (फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूल्सना वापरता येणाऱ्या कर्नेलच्या फंक्शन्सच्या नावांवर) गेला. पण तसं असतं तर मॉडपोस्ट स्पष्ट सांगतो की जीपीएलशी न जुळणारं मॉड्यूल जीपीएल-ओन्ली सिंबॉल वापरतंय. इथे तर सिंबॉलच नाही म्हणत होता. हे दोन संदेश नीट वेगळे वाचले असते, तर एक अख्खी रात्र वाचली असती.

उलगडा झाला तो दोन फाइल्स शेजारीशेजारी उघडल्यावर. त्या यादीतलं एक नाव सिस्टिम.मॅपमध्ये (कर्नेलमधल्या सगळ्या सिंबॉल्सची यादी) ग्रेप केलं तर सापडलं, म्हणजे कोड कर्नेलमध्ये आहे. तेच नाव मॉड्यूल.सिमव्हर्समध्ये (मॉड्यूल्ससाठी एक्स्पोर्ट केलेल्या, म्हणजे खुल्या ठेवलेल्या सिंबॉल्सची यादी) शोधलं तर नाही. फंक्शन आहे, पण बाहेरच्या मॉड्यूलसाठी त्याचं दार बंद! मग आठवलं, आकार कमी करायच्या नादात मी 'ट्रिम अनयूज्ड केसिम्स' चालू केलं होतं. हा पर्याय ट्रीमधलं (कर्नेलच्या सोर्स फोल्डरातलं) कोणतंही मॉड्यूल वापरत नसलेल्या सिंबॉल्सचे एक्स्पोर्ट काढून टाकतो. नूव्हो गेला, सिंपलडीआरएम बिल्ट-इन झाला, मग ते सिंबॉल मागणारं मॉड्यूल उरलंच नाही. ट्रीबाहेरच्या ड्रायव्हरची गरज कर्नेलच्या बिल्डला कळणार कुठून? पर्याय बंद केला, पुन्हा कंपाइल केलं, आणि पाचही मॉड्यूल्स एका दमात बनली.

मग नावाचा छोटा घोळ. गिटमधल्या आवृत्तीच्या टॅगवर माझा एक कमिट (बदल) असल्यामुळे युनेम -आर मध्ये, म्हणजे कर्नेलच्या आवृत्तीच्या नावात, शेवटी '+' लागत होता आणि मॉड्यूल्सचं फोल्डरही त्याच नावाचं व्हायचं. मेक करताना लोकलव्हर्जन रिकामं का होईना पण दिलं, की तो '+' लागत नाही.

मॉड्यूल्सवरची डिजिटल सही हा भाग मला सगळ्यात आवडला. पहिल्यांदा लोड केल्यावर टेंटेडची (कर्नेल 'डागाळला' आहे का आणि कशाने, हे सांगणारा आकडा) किंमत आली 12289. फोड केली: 1 म्हणजे प्रोप्रायटरी, 4096 म्हणजे ट्रीबाहेरचं, 8192 म्हणजे सही नसलेलं मॉड्यूल. कर्नेल आपणच बांधलेला, त्यामुळे त्याचा विश्वास असलेली किल्लीही आपल्याच ट्रीमध्ये, सर्ट्स फोल्डरात पडलेली असते. साइन-फाइल या प्रोग्रामला ती किल्ली दाखवून पाचही मॉड्यूल्सवर सही केली आणि रीबूट केलं. रीबूट लागतंच, टेंट तोवर पुसला जात नाही. आता आकडा 4097. तो बघून फार समाधान वाटलं.

एक सावधगिरी मात्र घ्याच: सोर्स फोल्डर पूर्ण साफ करणारा मेक एमआरप्रॉपर हा आदेश ही किल्लीसुद्धा उडवतो. पुढच्या बिल्डला नवी किल्ली तयार होते आणि जुन्या सहीची मॉड्यूल्स नव्या कर्नेलला अनोळखी ठरतात. मी तिची प्रत ट्रीबाहेर, फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवली आहे.

ड्रायव्हरला मोडसेट=1 (स्क्रीनची मांडणी कर्नेलकडून करण्याचा पर्याय) दिल्यावर वेलँडचं (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) डेस्कटॉप सेशनही सुरू झालं. सस्पेंडमधून उठल्यावर काय होतं, ते अजून तपासलेलं नाही. त्याआधी ट्रिमिंग पुन्हा चालू करून बघायचंय, या वेळी ड्रायव्हरला लागणाऱ्या सिंबॉल्सची व्हाइटलिस्ट (काढायची नाहीत अशा नावांची यादी) देऊन. अनडिफाइन्डची ती यादी मी जपून ठेवली आहे, सुरुवात तिथूनच.